खडकांचा प्रतिध्वनी वाचणारे शास्त्र
तेल व वायूच्या शोधासाठी भूकंपशास्त्राचे उच्च शिक्षण

मुंबईच्या किनाऱ्यापासून पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटर अंतरावर, भर समुद्रात, फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खणणाऱ्या मंचाला खनिज तेल लागले. ‘बॉम्बे हाय’ या नावाने ते क्षेत्र देशभर गाजले. मे १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले आणि पुढे समुद्रतळावरील नळांवाटे तेल व वायू उरणच्या किनाऱ्याला येऊ लागले. सागर सम्राटचे नाव त्या काळी सर्वतोमुखी झाले होते. परंतु अथांग पसरलेल्या अरबी समुद्रात नेमक्या त्याच ठिकाणी विहीर खणावी, हे त्या मंचाला कोणी सांगितले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला.

या प्रश्नाचे उत्तर त्याआधीच्या दशकात सापडते. १९६४ ते १९६७ या काळात ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत सर्वेक्षण जहाजावरून रशियन व भारतीय तज्ज्ञांनी खंभातच्या आखातात आणि लगतच्या समुद्रात भूकंपीय सर्वेक्षण केले. पाण्यात ध्वनितरंग निर्माण करावयाचे आणि तळाखालच्या खडकांवरून परत येणारे त्यांचे प्रतिध्वनी टिपावयाचे, अशी ती पद्धत होती. त्या नोंदींत समुद्रतळाखाली खडकांचे थर एका विस्तीर्ण घुमटासारखे वर उचललेले दिसले. तेल प्रत्यक्ष हाती येण्यापूर्वी कित्येक वर्षे ती जागा अशा रीतीने कागदावर उमटली होती.

हे प्रतिध्वनी वाचण्याची विद्या म्हणजेच तेल-वायू शोधाचे भूकंपशास्त्र. तिचे शिक्षण आपल्या देशात मिळते. आपल्या राज्यातही मिळते. ग्रामीण भागातील हुशार विद्यार्थी या वाटेवर दिसत नाहीत, याचे एक महत्त्वाचे कारण असे, की या वाटेचा दरवाजा अकरावीत विषय निवडतानाच उघडतो किंवा बंद होतो, आणि त्या वेळी ही गोष्ट त्यांना सांगणारे कोणी भेटत नाही. शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांना या विषयाची ओळख असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

भूकंप आणि तेल : शास्त्र एकच

भूकंपशास्त्र म्हटले की महाराष्ट्रातील वाचकाला ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवतो. त्या दुःखद आठवणींचा तेलाच्या शोधाशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. संबंध शास्त्राच्या मुळाशीच आहे. भूकंप झाला की खडकांतून लवचीक तरंग चहूकडे पसरतात. खडक बदलला की त्यांचा वेग बदलतो, दिशा वळते आणि काही ऊर्जा माघारी परतते. म्हणजेच तरंग ज्या प्रदेशातून आले, त्याची माहिती ते बरोबर घेऊन येतात.

ही माहिती वाचण्याच्या कामी भारताचा वाटा मोठा आहे. १२ जून १८९७ रोजी आसामात झालेल्या प्रचंड भूकंपाचा अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील रिचर्ड ओल्डहॅम यांनी केला. दूरच्या वेधशाळांतील नोंदी तपासून प्राथमिक तरंग, दुय्यम तरंग व पृष्ठतरंग असे तीन प्रकार त्यांनी वेगळे ओळखले. पुढे १९०६ मध्ये याच प्रकारच्या पुराव्यावरून त्यांनी पृथ्वीला गाभा असल्याचे दाखवून दिले.

निसर्गाने भूकंप घडवून आणण्याची वाट न पाहता लहानसा कंप आपणच निर्माण केला तर भूपृष्ठाखालचे थर पाहता येतील, ही कल्पना त्यातूनच पुढे आली. जर्मनीत लुडगर मिंट्रॉप यांनी अपवर्तनाची पद्धत विकसित केली. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात जॉन क्लॅरेन्स कार्चर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२१ मध्ये परावर्तनाचे प्रयोग केले. तेलाच्या शोधासाठी आज जगभर प्रामुख्याने हीच परावर्तन पद्धत वापरली जाते.

प्रतिध्वनीचे साधे गणित

ही पद्धत माध्यमिक शाळेतील मुलालाही समजू शकेल इतकी सोपी आहे. डोंगरासमोर उभे राहून हाक मारली आणि प्रतिध्वनी परत येण्यास किती वेळ लागला हे मोजले, तर डोंगराचे अंतर काढता येते. येथे हाक जमिनीत मारावयाची, एवढाच फरक.

समजा, कंप निर्माण केल्यापासून बरोबर दोन सेकंदांनी एका थरावरून प्रतिध्वनी आला. वरच्या खडकांतील तरंगाचा सरासरी वेग सेकंदाला २,५०० मीटर आहे. तरंग खाली जाऊन वर आला, म्हणून जाण्याचा वेळ एक सेकंद. तेव्हा तो थर २,५०० मीटर खोल आहे. परंतु वेगाच्या अंदाजात शेकडा पाचची चूक झाली, तर खोली १२५ मीटरने चुकते. विहिरीचा खर्च प्रचंड असतो, समुद्रात तर तो अनेक पटींनी वाढतो. म्हणून वेगाचा अचूक अंदाज हा या शास्त्रातील कळीचा प्रश्न ठरतो.

प्रतिध्वनी किती जोरकस येईल, हे दोन थरांतील फरकावर अवलंबून असते. खडकाची घनता आणि त्यातील तरंगाचा वेग यांच्या गुणाकारास ध्वनिरोध म्हणतात. वरच्या थराची घनता २.२ व वेग २,५०० असेल, तर गुणाकार ५,५०० येतो. खालच्या थराची घनता २.४ व वेग ३,००० असेल, तर तो ७,२०० येतो. दोहोंतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले असता ०.१३ हा परावर्तनाचा गुणक मिळतो. म्हणजे त्या सीमेवर आदळलेल्या तरंगाचा सुमारे शेकडा १३ आयाम परत फिरतो आणि उरलेला तरंग आणखी खोल जातो. अशा शेकडो सीमांवरून आलेले प्रतिध्वनी एकाच नोंदीत गुंतलेले असतात. ती गुंतागुंत उलगडणे हेच या शास्त्राचे काम होय.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सर्वसाधारणपणे भूकंपीय नोंदीत तेल थेट दिसत नाही. दिसते ती खडकांची रचना. तेल व वायू पाण्यापेक्षा हलके असल्याने सच्छिद्र वालुकाश्मातून किंवा चुनखडकातून ते वर सरकतात आणि वरचा थर अभेद्य असेल तेथे अडतात. कमानीसारखी घडी, विभंगाने तुटलेला थर, अथवा दोन्ही बाजूंनी निमुळता होत गेलेला वाळूचा पट्टा अशा जागी ते साचण्याचा संभव असतो. भूकंपशास्त्र ही संभाव्य जागा दाखविते, आणि तेल आहे की नाही याचा निर्णय विहीरच देते. उत्तम अभ्यासानंतरही अनेक विहिरी कोरड्या निघतात. अनिश्चितता नाहीशी करणे या शास्त्राच्या आवाक्यात नाही. ती कमी करणे आणि किती उरली हे प्रामाणिकपणे सांगणे, ही त्याची खरी कामगिरी आहे.

शेतापासून नकाशापर्यंत

जमिनीवरील सर्वेक्षणात ठरावीक रेषेवर लहान व्यासाची छिद्रे घेऊन त्यांत थोडे स्फोटक उडवितात, किंवा जमिनीवर कंप निर्माण करणारी अवजड वाहने वापरतात. जमिनीत रोवलेली जिओफोन नावाची छोटी उपकरणे परत आलेला कंप टिपतात. समुद्रात जहाजामागे ओढल्या जाणाऱ्या नळ्यांतून दाबलेली हवा एकदम सोडून ध्वनी निर्माण केला जातो आणि कित्येक किलोमीटर लांबीच्या तरत्या केबलमधील हायड्रोफोन तो ऐकतात.

कच्च्या नोंदीत वाऱ्याचा, वाहनांचा व पृष्ठतरंगांचा गोंगाट मिसळलेला असतो. यावर हॅरी मेन यांनी १९५० मध्ये एक उपाय सुचविला. खडकातील एकाच बिंदूवरून, पण वेगवेगळ्या अंतरांवर टिपलेले अनेक प्रतिध्वनी वेळेची दुरुस्ती करून एकत्र मिळवावयाचे. खरा प्रतिध्वनी त्यामुळे ठळक होतो आणि गोंगाट परस्परांत विरतो. त्यानंतर संगणकाच्या साहाय्याने प्रत्येक परावर्तन त्याच्या खऱ्या जागी नेले जाते. १९७० च्या दशकापासून त्रिमिती सर्वेक्षण रूढ झाले आणि थरांचे संपूर्ण घनचित्र पाहता येऊ लागले. तेच सर्वेक्षण काही वर्षांनी पुन्हा करून, उत्पादनामुळे साठ्यात झालेला बदलही आज पाहता येतो.

काळ्या पाषाणाचे आव्हान

महाराष्ट्राचा बराचसा भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या बेसाल्टने, म्हणजे आपल्या परिचयाच्या काळ्या पाषाणाने, झाकलेला आहे. दख्खनच्या या पाषाणाचा विस्तार आजमितीस सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. किल्लारी येथे भूकंपानंतर घेतलेल्या वेधछिद्रात त्याची जाडी ३३८ मीटर आढळली. कोयना परिसरात ती सुमारे एक किलोमीटर आहे.

या पाषाणाखाली काय दडले आहे, हा प्रश्न तेलशोधाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बेसाल्टमध्ये तरंगाचा वेग सेकंदाला सुमारे पाच हजार मीटर असतो, तर त्याच्या खाली गाळाचे खडक असल्यास त्यांत तो बहुधा कमी असतो. बेसाल्टच्या माथ्यावरूनच बरीचशी ऊर्जा परत फिरते. उरलेली एकावर एक रचलेल्या लाव्हाथरांत आणि त्यांमधील कुजक्या मुरुमासारख्या पट्ट्यांत विखुरते. काचेपलीकडचे दृश्य काचेवरच्या झगमगाटामुळे दिसू नये, तशी ही अवस्था होते.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात केळशी ते लोणी आणि गुहागर ते चोरोची या दोन रेषांवर कोकणापासून देशापर्यंत खोल भूकंपीय सर्वेक्षण केले. त्यातून बेसाल्टची जाडी कोठे किती आहे आणि तेथील भूकवच सुमारे ३६ ते ४० किलोमीटर जाड आहे, हे समजले. नर्मदा-तापी पट्ट्यात मात्र काळ्या पाषाणाखाली गाळाचे खडक असल्याच्या खुणा अशाच सर्वेक्षणांतून मिळाल्या आहेत. देशातील २६ गाळखोऱ्यांच्या यादीत दख्खनच्या खोऱ्याचाही समावेश आहे. पूर्वी न तपासलेल्या प्रदेशांसाठी केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१६ मध्ये हाती घेतलेल्या राष्ट्रीय भूकंपीय कार्यक्रमात ४८,२४३ किलोमीटर लांबीच्या रेषांचे सर्वेक्षण ठरविण्यात आले. अशा नोंदींचे पुन्हा पुन्हा वाचन करणाऱ्या तरुण अभ्यासकांची गरज पुढेही राहणार आहे. या भूमीवर वाढलेल्या मुलाला काळा दगड, मुरूम आणि विहिरीतील थर लहानपणापासून ठाऊक असतात. हे ज्ञान येथे वाया जात नाही.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

हे शिक्षण मुख्यतः पदव्युत्तर पातळीवर ‘भूभौतिकी’ किंवा ‘उपयोजित भूभौतिकी’ या नावाने दिले जाते. एम.एस्सी. दोन वर्षांची असते. काही संस्थांत एम.एस्सी. टेक. हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्याचे ढोबळमानाने चार भाग पडतात. पहिला भाग गणित व भौतिकीचा : लवचीकतेचा सिद्धांत, तरंग समीकरण, फूरिए विश्लेषण. दुसरा भाग भूशास्त्राचा : गाळाच्या खडकांची घडण, भूरचना, तेलाची निर्मिती व संचय. तिसरा भाग प्रत्यक्ष तंत्राचा : सर्वेक्षणाची आखणी, संकेत-प्रक्रिया, अर्थनिर्णय, विहिरीतील मापने, तसेच गुरुत्वीय, चुंबकीय व विद्युत पद्धती. चौथा भाग संगणकाचा : आज्ञावली लिहिणे, व्यस्त समस्या सोडविणे आणि अलीकडे यंत्रशिक्षणाचा वापर.

व्यस्त समस्या म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगता येईल. खडकांची रचना ठाऊक असेल तर प्रतिध्वनी कसा येईल हे काढणे ही सरळ समस्या होय. प्रतिध्वनी हाती आहे, त्यावरून रचना ओळखावयाची, ही व्यस्त समस्या होय. तिला बहुधा एकापेक्षा अधिक उत्तरे असतात आणि त्यांतून निवड करताना भूशास्त्राची जाण कामी येते. केवळ गणित येणारा किंवा केवळ खडक ओळखणारा येथे अपुरा पडतो, तो यामुळे. यांखेरीज क्षेत्रीय शिबिर व प्रबंध हे या शिक्षणाचे आवश्यक अंग आहे.

महाराष्ट्रात पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत उपयोजित भूभौतिकीची एम.एस्सी. उपलब्ध आहे. राज्याबाहेर धनबाद, खरगपूर व रुडकी येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था, वाराणसीचे बनारस हिंदू विद्यापीठ, हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ आणि विशाखापट्टणमचे आंध्र विद्यापीठ ही या विषयाची जुनी केंद्रे आहेत. धनबादची संस्था १९२६ मध्ये खनिविद्यालय म्हणून स्थापन झाली आणि २०१६ मध्ये तिला भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा दर्जा मिळाला.

प्रवेशाची वाट

तंत्रज्ञान संस्थांतील एम.एस्सी.चे प्रवेश सामान्यतः ‘जॅम’ या संयुक्त प्रवेश परीक्षेद्वारे होतात. कोणत्या विषयाची प्रश्नपत्रिका चालते व पदवीला कोणते विषय हवेत, हे संस्थेनुसार बदलते. म्हणून त्या वर्षाची माहितीपुस्तिका पाहूनच अर्ज करावा. एक गोष्ट मात्र बहुतेक ठिकाणी समान आढळते. बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन्ही विषय असलेल्या विद्यार्थ्याला सर्वाधिक वाटा मोकळ्या असतात. भूशास्त्राच्या पदवीधरालाही संधी आहे, परंतु त्याचे गणित कच्चे असेल तर पुढे त्याची ओढाताण होते.

अकरावीत गणित अवघड म्हणून सोडले, तर पाच वर्षांनी या अभ्यासक्रमाचा अर्ज भरताना ते पाऊल मागे घेता येत नाही. प्रत्येकाने गणित घ्यावेच, असा याचा अर्थ नव्हे. गणित सोडल्याने कोणकोणत्या वाटा बंद होतात, हे त्या दिवशी विद्यार्थ्याला व त्याच्या पालकांना कोणीतरी सांगितले पाहिजे, एवढाच अर्थ आहे.

खर्चाच्या बाबतीत शासनाच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्यांबरोबरच इतर योजनांचीही चौकशी करावी. ओएनजीसी फाउंडेशनच्या शिष्यवृत्ती योजनांत अभियांत्रिकी, वैद्यक व व्यवस्थापन या शाखांप्रमाणेच भूशास्त्र आणि भूभौतिकीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचाही विचार केला जातो.

नोकरीची संधी आणि सावधगिरी

तेल व नैसर्गिक वायू महामंडळ, ऑइल इंडिया व खाजगी तेल कंपन्या भूभौतिकीतज्ज्ञांची भरती करतात. ‘गेट’ परीक्षेत भूशास्त्र व भूभौतिकी अशी स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण व केंद्रीय भूजल मंडळ यांतील भूभौतिकीची पदे भरली जातात.

तरीही चित्र एकरंगी समजू नये. तेलाचे भाव उतरले की शोधाचे काम मंदावते आणि नोकऱ्या आटतात. २०१४ ते २०१६ या काळात आणि पुन्हा २०२० मध्ये जगाने हा अनुभव घेतला. जग हळूहळू खनिज इंधनांपासून दूर जाऊ पाहत आहे, हेही खरे. दुसऱ्या बाजूस, भारत आपल्या गरजेच्या पाचांपैकी चार हिश्श्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो, आणि बॉम्बे हायसारखी जुनी क्षेत्रे उतारवयात आली आहेत. तेव्हा विद्यार्थ्याने केवळ तेल कंपनीच्या नोकरीकडे डोळे लावून हा विषय निवडू नये. पाण्याचा शोध, धरणे व बोगद्यांच्या जागांची तपासणी, भूगर्भीय उष्णता, कर्बवायू भूगर्भात साठविण्याच्या योजना आणि भूकंपाचा अभ्यास या सर्वांना हेच शिक्षण लागते. कराड येथे केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाची वेधछिद्र भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा आहे. कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल वेधछिद्र घेऊन भूकंपाच्या कारणांचा अभ्यास करण्याच्या कामाशी ती निगडित आहे. प्रतिध्वनी वाचावयास शिकलेल्या माणसाला अशी अनेक क्षेत्रे खुली असतात.

गावपातळीवर काय करता येईल

सर्वेक्षणाचे पथक गावात आले की प्रथम संशय निर्माण होतो. आपल्या शेतात तेल निघाले तर जमीन जाईल, अशी भीती असते. सर्वेक्षण म्हणजे विहीर नव्हे, हे पंचायत सदस्यांनी गावकऱ्यांना समजावून सांगावे. त्याचबरोबर पथकाकडून परवानगीची कागदपत्रे पाहावीत, पिकाच्या नुकसानीची भरपाई कशी व केव्हा मिळणार हे लेखी घ्यावे, छिद्रे घरे व विहिरी यांपासून सुरक्षित अंतरावर आहेत आणि काम संपल्यावर ती बुजविली जात आहेत, याकडे लक्ष द्यावे. मुलांनी स्फोटकाच्या तारांना हात लावू नये, जिओफोन उपटू नयेत, ही ताकीद शाळेत दिली पाहिजे.

शिक्षकांनी अशा पथकातील एखाद्या तज्ज्ञास शाळेत बोलावून अर्धा तास बोलावयास सांगावे. ज्या विद्यार्थ्याच्या शेतात जिओफोन रोवला गेला, त्याला तरंगाचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही. पथक आले नाही तरी दोन सेकंदांच्या प्रतिध्वनीचे गणित फळ्यावर मांडता येते. दहावीचा निकाल लागून प्रवेशअर्ज भरण्यापूर्वीच्या आठवड्यात प्रत्येक माध्यमिक शाळेने पालकांची एक सभा घ्यावी, आणि कोणता विषय सोडला असता कोणती वाट बंद होते हे त्यांच्यापुढे स्पष्ट मांडावे. याला वेगळा निधी लागत नाही. त्या आठवड्यात गणिताचा एक हुशार विद्यार्थी अज्ञानामुळे गणित सोडण्यापासून वाचला, तरी सभेचे श्रम सार्थकी लागतील.